परत आलेली हाक

२०४७ सालच्या श्रावणातली गोष्ट. तेव्हा दूरदूरची ऑफिसं उपग्रहाच्या पुलानं अशी जोडलेली असत, की देवघाट धरणावर कुणी खुर्ची सरकवली तर पुण्यात इंदुमती साळवींना ती शेजारीच सरकल्यासारखी वाटे.

आदल्या दिवशी धरणावरचे नरोटे ओरडले होते, "इंदूताई, पाणी आत आलंय, बोट पाठवा!" बोट गेली आणि त्यांना टेकडीवर सोडून आली. हाक मात्र थांबेना. कुणीतरी चुकून जास्तीची केबल जोडली होती, त्यामुळे तीच हाक पुलावर गोल गोल फिरत होती.

"ताई, काढतो ती केबल. डोकं उठलंय माझं," शेजारी बसलेला तंत्रज्ञ फिरोज म्हणाला.

"थांब. आत्ता ते 'बोट परत पाठवा' म्हणाले."

"कालचीच हाक परत येतेय, म्हणून तुम्हाला 'परत' ऐकू येतंय!" तो हसला.

इंदूताई खुर्चीतून उठल्या. काल त्या हाकेत 'परत' हा शब्दच नव्हता.

"काढ केबल. खरंच तिथे असतील तर आता एकटेच ऐकू येतील."

केबल निघाली. ऑफिस चिडीचूप झालं. बराच वेळ नुसता पाण्याचा खळखळाट येत राहिला. मग घोगरा आवाज आला, "इंदूताई, धरणाचे दरवाजे उघडायला टेकडीवरून परत आलो होतो. किती वेळ ओरडतोय मी!"

बोट पोचली तेव्हा नरोटे ऑफिसच्या छतावरच्या टाकीवर चढून बसले होते. ते वाचले, पण ओरडून ओरडून बसलेला त्यांचा आवाज पुन्हा फुटला नाही. फिरोजनं नोकरी सोडून मिरजेत सायकलींचं दुकान काढलं. इंदूताई आता थकल्यात. पण घरात कुणी एकच हाक दुसऱ्यांदा मारली, तरी ती पहिलीच समजून धडपडत उठतात.