छोट्या खोलीची पैज

"जमलं तर खोली तुझी. नाही जमलं, तर हा सगळा पसारा बाहेर," असं म्हणून तिने आपला फोन नवऱ्याच्या हातात ठेवला.

तो हसला. लग्नाला चार वर्षं झाली, तरी या बाईला आपल्या नवऱ्याची कला काही कळली नव्हती. दर शनिवारी तो नाचाच्या हॉलवर ड्रम अँड बेस वाजवायचा. पळते ड्रम आणि त्याखाली छातीत घुमणारा बेस. एक ट्रॅक संपायच्या आत दुसरा असा मिसळायचा, की नाचणाऱ्यांना सांधा सापडू नये. लय जुळली पाहिजे आणि पट्टी जुळली पाहिजे, एवढा एकच धर्म तो पाळायचा. आपल्याला मिसळता येणार नाही असा ट्रॅक अजून जन्माला आलेला नाही, असं तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा.

त्या बढाईपायीच आज ही छोटी खोली पणाला लागली होती: तिच्या फोनमधला ट्रॅक त्याने मिसळून दाखवायचा. खोलीत त्याचा जीव होता. रेकॉर्डी फिरवायची दोन टर्नटेबल, ट्रॅक मिसळायचा मिक्सर, पट्टीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या रेकॉर्डी, आणि स्पीकर एवढे अगडबंब की दार अर्धंच उघडायचं.

"पण तुला खोली हवी कशाला?"

"आधी हरून तर बघ, मग सांगते."

"तुझी आई राहायला येतेय, हेच ना?"

"येईल की. तीही येईल."

त्याने घाईघाईने फोन मिक्सरला जोडला.

आधी नुसती खरखर. मग खरखरीमागून पळणारा एक ड्रम. ना बेस, ना सूर.

"कुणाचा प्रताप आहे हा?"

"नवीन आहे. अजून नावसुद्धा नाही."

"शिकवणी लाव म्हणावं. लयीचा पत्ता नाही."

"तूच शिकव," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून हसायला लागली.

सूर नव्हताच, तेव्हा पट्टी त्यानेच ठरवली. काळी दोनमधला एक बेस काढला, लाडका, सगळ्यांशी पटवून घेणारा. त्याची लय कमी केली. ड्रम क्षणभर त्यावर नीट बसला आणि लगेच घसरला. पुन्हा बसवला, पुन्हा घसरला. त्याला घाम फुटला. ती मात्र निवांत उभी राहून नजरेने भिंती मोजत होती.

"हरलास?"

"गप गं!"

त्याने हेडफोनची एकच बाजू कानाशी दाबून धरली, डोळे मिटले आणि ऐकत राहिला. मग एकदम मांडीवर थाप मारली.

"लबाड! फसवलंस मला. हा एक ट्रॅक नाहीच. दोन आहेत, एकावर एक. एक पुढे पळतोय, दुसरा जरा दमानं येतोय. लय न जुळवताच मिसळलेत कुणीतरी."

"काहीतरीच!"

"मग ऐक."

त्याने हेडफोन तिच्या कानांवर चढवले आणि टेबलावर ठेका धरला. उजव्या हाताने एक, डाव्या हाताने दुसरा. तिचं हसू थांबलं.

"पुन्हा लाव," ती हळूच म्हणाली.

त्याने पुन्हा लावलं, आणि या वेळी पुढे पळणाऱ्याच्या लयीवर बेस सोडला. दुसऱ्याला त्या दोघांच्या मधल्या जागांत खेळू दिलं. खोली घुमली. सगळं असं काही जुळून आलं की तो जागच्या जागी नाचायलाच लागला.

"जिंकलो! खोली माझी!"

ती भांडली नाही. स्पीकरवर टेकली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू, दोन्ही एकदमच.

"अगं, रडतेस काय? एवढीशी तर पैज. आईंना बाहेरच्या खोलीत झोपवू, मी गादी घालतो."

"अरे वेड्या," ती म्हणाली, "दवाखान्यातून मी एकाच बाळाच्या हृदयाचे ठोके घेऊन आले होते."