शेवटचा ठोका

आदेशची गाडी भर दुपारी गोंडपिपरीत, इंदुताईंच्या गॅरेजात उभी होती. पुढं दोन चाकं, मागं एक, रेसच्या गाडीसारखी जमिनीला टेकलेली. पुढची दोन्ही मडगार्डं बदलायची होती.

"फुटले तर नाई दिसत. काऊन बदलून राह्यला?" इंदुताईंनी विचारलं.

"आतून आवाज येते, ताई," आदेश दाराबाहेरूनच म्हणाला. "जंगलातल्या रस्त्यानं आलो तवापासून."

इंदुताईंनी बोल्ट सोडवले, जुनी मडगार्डं कोपऱ्यात पालथी टाकली आणि नवी कसली. मग नेहमीच्या सवयीनं नव्या मडगार्डावर बोटांनी दोनदा ठोकलं. खडखड नाही, म्हणजे काम पक्कं.

आतून दोन ठोके आले.

त्यांनी वाकून खाली हात घातला. नुसतं चाक होतं. मग त्यांनी तीनदा ठोकलं. तीन आले.

"राहू द्या, ताई." आदेश दारापासून मागं सरकला.

"राहू कायले देऊ? गॅरेज माहं हाय. इथी शेवटचा ठोका माहाच असते." त्यांनी मूठ वळून एकच ठोका हाणला.

सगळं गप्प झालं. इंदुताई हसल्या आणि हात पुसू लागल्या. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून, एका जुन्या मडगार्डाखालून, एक ठोका आला.

त्या तरातरा गेल्या आणि त्या पालथ्या मडगार्डावर त्यांनी पाय रोवला.

"आता ठोक."

ठोका आला नाही. पायाखालचं मडगार्ड हळूहळू वर उचललं जाऊ लागलं, तशी इंदुताईंनी दुसराही पाय त्यावर ठेवला.