तुलनेचा तारा

आठवडाभर फोटोंतले सगळेच तारे मोजणीत मंदावत होते. वेधशाळेतल्या शर्वाणीने दुर्बिणीचा आरसा धुऊन घेतला, कॅमेरा बदलला आणि शेवटी कपाळावर हात मारून घेतला. ज्या ताऱ्याशी ताडून बाकीच्यांचं तेज मोजायचं, तोच भडकला होता, म्हणून बाकीचे मंद भासत होते. तो एक नव्हताच. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे अखेर मिसळून उफाळले होते. स्थिर म्हणून त्याला मात्र कुणी तपासतच नसे.

तेवढ्यात आईचा फोन आला. "ताईचा संसार बघ, कसा शांत! नाहीतर तू."

ताईशी ही तुलना लहानपणापासूनची. आज शर्वाणी भांडली नाही. तिने ताईलाच फोन लावला.

"ताई, तू कशी आहेस गं?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ताईने हळूच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"