चालत गेलेलं पाणी

“मॅडम, हे कुणालाच खरं वाटायचं न्हाई, पण आमच्या विहिरीचं पाणी चालत गेलं,” आप्पासो म्हणाले.

साताऱ्याच्या कोर्टातली मध्यस्थीची खोली. चारुशीला मॅडमपुढं सकाळपासूनची ही चौथी जोडी. आप्पासोंचा मुलगा शिवतेज आणि सून राजेश्वरी, दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं होतं. त्यावर आता कुणी भांडतही नव्हतं. राहिली होती पोटगी. शिवतेज घरची शेती बघतो, तेव्हा शेतातून येतं किती हे कळलं, की राजेश्वरीला आणि सहा वर्षांच्या ओवीला महिन्याला काय मिळणार ते ठरणार होतं. काहीच येत नाही, असं शिवतेजनं कागदावर लिहून दिलं होतं. का येत नाही, ते सांगायला वडील आले होते.

आप्पासोंनी टोपी सारखी केली. तीन वर्षं झाली म्हणे. पहाटे उठून बघतात तर विहीर कोरडी, आणि बांधावर ओली वाट, भिजलेल्या म्हशी गेल्यासारखी. मागोमाग गेले, तर पाणी शेजारच्या सयाजीच्या विहिरीत उतरून बसलेलं. नारळ फोडला, हात जोडले. आलं नाही. मासे तेवढे काठाशी येऊन ओळख दाखवून गेले.

मॅडमचं पेन थांबलं. राजेश्वरी हसली नाही. ती कवठे महांकाळची, टँकरच्या रांगेत वाढलेली. सोयरिकीच्या बैठकीत आप्पासोंनी सांगितलेल्या गोष्टीत याच विहिरीला सात कासरे जोडूनही तळ लागला नव्हता. त्या पाण्यावर भरवसा ठेवूनच तिच्या वडिलांनी होकार दिला होता.

“म्हणजे ऊस नाहीच?” मॅडमनी विचारलं.

“तीन वर्सं कारखान्याला एक कांडं घातलं न्हाई. हिलाच इचारा.”

हिला म्हणजे बायकोला, शालूबाईंना. चाळीस वर्षं आप्पासोंच्या प्रत्येक गोष्टीला त्या ‘व्हय’ म्हणत आल्या होत्या. गाव हसायचं, त्या मान डोलवायच्या, आणि गोष्ट पुढं जायची. आताही आप्पासो तेवढ्यापुरते थांबले. शिवतेज फरशीकडं बघत बसला होता.

शालूबाईंच्या मांडीवर कारखान्याचा छाप असलेली पांढरी पिशवी होती. दर दिवाळीसारखी नातीसाठी आणलेली. त्यांनी ती टेबलावरून राजेश्वरीपुढं सरकवली, ओवीला लाडू कर म्हणाल्या. मग नवऱ्याकडं न बघताच बोलल्या, लांबून चालत आल्यावर बोलावं तशा.

“आवं, ऊस घातल्याबिगर कारखाना साखर देत न्हाई. मग औंदाची ही पाच किलो कुठनं चालत आली?”