आमटीतलं मीठ

“कितीदा सांगायचं ह्या छापखानेवाल्यांना, अक्षरं जरा ठसठशीत करा म्हणून,” राहीबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. “वाचणाऱ्यानं काय भिंग घेऊन बसायचं?”

“हळू बोला, आत्याबाई,” दीपमाला म्हणाली. तिचं अक्षरांकडं लक्ष नव्हतं. समोर बसलेल्या प्रत्येकीनं तेच पुस्तक वाचलेलं होतं, आणि तिला नेमकं तेच नको होतं.

तासगावच्या त्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी बायकांची बैठक भरते. एक कादंबरी घरोघर फिरते, मग तिच्यावर बोलायचं. नियम एकच. बोलून झालं की हे पुस्तक आता कुणाच्या घरी धाडावं, तेही सांगायचं. ह्या नियमापायी गल्लीतली निम्मी भांडणं मिटली होती आणि उरलेली निम्मी लागली होती.

ह्या वेळची कादंबरी होती ‘साखरेची किल्ली’. सांगलीत छापलेली. लेखिकेच्या नावाच्या जागी नुसतं ‘एक गृहिणी’. गोष्ट साधीच. बेदाण्याच्या व्यापाऱ्याच्या घरात शिकलेली सून येते आणि सासू तिला सळो की पळो करून सोडते. साखरेच्या डब्याला कुलूप काय, सुनेच्या उघड्या पुस्तकावर वाळत घातलेले पापड काय!

पापडांपाशी आली तेव्हाच दीपमालानं मागची पानं परत चाळून बघितली होती. कुलूप तिच्याच घरचं, पापडही तिच्याच घरचे. कुणीतरी तिचा संसार उचलून जसाच्या तसा छापला होता. आणि गल्लीत बी.ए. झालेली, वर्तमानपत्रात दोनदा पत्र छापून आलेली सून म्हटल्यावर बोट कुणाकडं जाणार? बाजारात बायका तिच्याकडं बघून गोड हसायला लागल्या होत्या. विचारत मात्र एकही नव्हती.

तिनं काही लिहिलं नव्हतं. पण ‘मी नाही लिहिली’ म्हणायला जावं, तर घरचं सगळं खरं आहे अशी कबुलीच झाली. सासूलाही तसंच वाटत असेल तर? बावीस वर्षांनी कुठं दोघींचं सूत जमलं होतं. मामंजी गेल्यापासून त्या चहाला समोरासमोर बसत. जुन्या सातवीपर्यंत शिकलेल्या राहीबाई चष्मा लावून सुनेच्या कपाटातली पुस्तकं वाचायला लागल्या होत्या. दुपारी माडीवर दार लावून बेदाणा निवडायच्या. दोन वर्षं निवडत होत्या, निवडून झालेला बेदाणा मूठभर. पण खाली आल्या की एखाद्या दिवशी म्हणायच्या, “आज भाजी बरी झालीया.” तेवढ्यावर दीपमालाचा आठवडा सरायचा. आता ह्या पुस्तकानं सगळं नासायची वेळ आणली होती.

“मला सून लय आवडली,” आम्रपालीनं सुरुवात केली. वाचनालय तीच सांभाळायची. “आणि सासू पण... म्हणजे... चांगली रंगवलीय.”

बोलताना तिनं राहीबाईंकडं बघायचं टाळलं. सगळ्यांनीच टाळलं.

“रंगवलीया कसली? जोड्यानं हाणाय पायजे तिला,” राहीबाई म्हणाल्या.

दोघी-तिघींना एकदम खोकला आला.

“आवं, तिची बी काय बाजू आसंल की,” शेजारच्या साळूबाई घाईनं म्हणाल्या.

“मला तरी घावली न्हाई बाजू. ते जाऊ दे, सुनंचं सांगा. लय रडकी न्हाई ना वाटत ती?”

“रडती कुठली? पापडाखालचं पुस्तक पापड सरकवून सरकवून वाचती. मी हसून हसून लोळाय लागली. आमच्या ह्यांना वाटलं पोटात दुखतंय, ओवा घेऊन आले,” साळूबाई म्हणाल्या.

बैठक हसली. राहीबाईंनी पदर तोंडाला लावला. म्हातारी दुखावली, दीपमालाच्या मनात आलं.

“मग धाडायचं कुणाकडं?” आम्रपालीनं विचारलं.

“माझी सून सोडून कुणाकडंबी धाडा,” साळूबाई म्हणाल्या. “पण मला एक पटलं न्हाई बघा. ती आमटी. पाव्हणे जेवाय बसल्यात, सुनंची आमटी खारट ठणठणीत, समदा गाव नावं ठेवतोय. आन् म्हणं मीठ सासूनंच टाकलं, सुनंचं कौतिक व्हईल म्हणून. ही काय गोष्ट झाली?”

दीपमालाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिची आमटी अशीच खारट झाली होती. आपलाच हात चुकला, असं ती आजवर मानत आली होती. पुस्तकातलं मीठ तिलाही पदरचंच वाटलं होतं. लिहिणारे टाकतात चवीला मूठभर.

“मलाही नाही पटलं,” ती पटकन म्हणाली. “कुठली सासू एवढं करते? मनानं रचलेलं पुस्तक आहे सगळं.”

आम्रपालीनं उगाच पंखा वाढवला. साळूबाईंना मात्र आता राहवेना.

“किती दिस झाकायचं हे? दीपमाला, पोरी, लिवलंयस लय झ्याक. त्यात वाद न्हाई. पण सासू जित्ती आसताना तिला आसं चव्हाट्यावर मांडाय नको हुतंस. आन् मिठाचा आळ तर घालायचाच न्हवता.”

दीपमालानं सासूकडं बघितलं. राहीबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

“तिला कशाला बोलतीस, साळू? पुस्तक मी लिवलंय,” त्या म्हणाल्या आणि सुनेकडं वळल्या. “आन् मीठबी मीच टाकलं हुतं गं, दीपा.”