डावीकडची चावी

विक्रेत्याने टेबलावर दोन आलिशान गाड्यांच्या चाव्या ठेवल्या. उजवीकडची गाडी कधी दगा न देणारी, नवऱ्याच्या पसंतीची. डावीकडची माझी लाडकी; वळणावर अशी झेपावते की पोटात गोळा येतो, पण वरचेवर गॅरेजला नेऊन उभी करावी लागते. नवऱ्याचं कामच लिफ्टचे ब्रेक तपासायचं. घराला लावलेलं कुलूपही तो जिना उतरल्यावर परत वर येऊन ओढून बघतो. महिनाभर आमची जुंपली होती. “रस्त्यात बंद पडली तर?” हे त्याचं पालुपद, “तुझी चालवताना मला झोप लागली तर?” हे माझं. आज मी भांडायच्या तयारीनेच आले होते. तो माझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटून, तपासणीचे रिपोर्ट विचारून थेट इथे आला होता. “काय म्हणाले?” मी विचारलं. “विशेष काही नाही. ड्रॉप्स चालू ठेवायचे.” मग त्याने डावीकडची चावी उचलून माझ्या हातात दिली. “हीच घेऊ.” “अरे, पण दहा वर्षं बिनघोर चालणारी हवी होती ना तुला?” “राहू दे गं. तुला आवडते ना? मग झालं.” विक्रेता हसून अभिनंदन करू लागला. मी मात्र नवऱ्याकडे वळले. हा माणूस साधी छत्रीसुद्धा दहादा उघडून बघितल्याशिवाय घेत नाही. “खरं सांग,” मी म्हटलं, “माझे डोळे किती दिवस साथ देणार आहेत?” त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. चावीभोवती माझी बोटं मिटवत म्हणाला, “चल, वळणांच्या रस्त्याने जाऊ. तू चालव.”