महागाचं मशीन

"तीन वर्षांत या लेथवर एकही अपघात नाही!" आमच्या आयटीआयच्या प्राचार्यांनी कंपनीच्या साहेबांपुढे छाती फुगवली. अपघात कसला डोंबलाचा! मशीनवरचं प्लॅस्टिक निघायचं ते फक्त खंडेनवमीच्या पूजेपुरतं. एरवी 'हात लावू नका, महागाचं आहे.' याला ते 'कौशल्यविकास उपक्रम' म्हणतात. भिंतीवर तसा फलकसुद्धा लावलाय.

भरतीसाठी आलेल्या साहेबांनी मशीनवरून बोट फिरवलं. बोटाला तेल लागलं नाही, हळद लागली. ते माझ्याकडे वळले.

"टर्नर ट्रेडची ना तू? चालवून दाखव."

प्राचार्य त्यांच्या पाठीमागून डोळे वटारत होते. मी बूट काढून बाजूला ठेवले, मशीनसमोर उभी राहिले आणि हात जोडले.

"एवढंच शिकवलंय, साहेब. आरतीपण म्हणून दाखवू?"